त्रेचाळीस पाय

या गावात मी आधी पाय ओळखायला शिकले,
चेहरे मागाहून.
डार्बीशरच्या टेकड्यांत एल्डरक्लफ: शंभरेक उंबरे,
कुलूप लागलेली शाळा, आणि थांब्यावर
बंद पडलेल्या बसचं अजून न काढलेलं वेळापत्रक.
मी फिरती नर्स. मंगळवारी, शुक्रवारी
दारोदार मोजे उतरवते.
भेगा, कुरुपं, महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमा.

विनिफ्रेड हॅलमनं पाय टबात असतानाच विचारलं,
"झरा सजवायला येतेस?"
मी सांगोल्याची. आमच्याकडे आडात वाकून
तळ बघायचा आणि गप्प घरी यायचं.
इथं पाणी दगडी कोनाड्यातून आपणहून येतं,
बारा महिने, कुणी न बोलावता,
आणि ही माणसं वर्षातून एकदा त्याच्यापुढे
पाकळ्यांचं चित्र उभं करतात.
करायची.
दोन वर्षं हातच पुरले नव्हते.

सभेला सातजण, आणि एक कुत्रा.
अनुदानाचा अर्ज चौदा पानी.
पान नऊ: सहभागी किती? गावाचा विकास कसा मोजाल?
क्लाइव्ह ओलरेनशॉ म्हणाला, "ती जागा कोरी सोडा.
आधी माती तुडवू."

फळ्या तळ्यात भिजल्या चार दिवस.
माती आली ट्रॅक्टरनं, मीठ घालून, राखाडी, हट्टी.
ती पायांनीच मळायची असते.
मी हौदाच्या काठाशी स्टूल टाकून बसले,
"जखम असेल त्यानं उतरायचं नाही,"
आणि एकेक तळवा उजेडात धरून बघितला.
मग उतरले ते:
विनिफ्रेडचे वाकड्या अंगठ्यांचे,
पबवाल्या झ्बिग्न्येवचे, केसाळ, लाजरे,
बारा वर्षांच्या कीअरनचे, फुटबॉलनं काळेनिळे.
क्लाइव्हचा एकच.
दुसरा साखरेनं नेला, त्याची पट्टी मीच बांधायचे.
उरलेल्याला मी प्लॅस्टिकची पिशवी चढवली, वर रबरबँड,
खुर्चीत बसून त्यानं एक कोपरा
सगळ्यांपेक्षा मऊ केला.
माती झाली की नाही ते विनिफ्रेड
थापटी मारून, कान देऊन ठरवते.
"अजून," म्हणाली. तीनदा.

रांगोळी आठवली का, असं कुणी विचारलं नाही,
बरं झालं. ही वेगळीच चिकाटी:
कागदावरचं चित्र टाचणीनं टोचून मातीत उतरवायचं,
रेषांवर ओल्डरची काळी बोंडं,
मग पाकळ्या, खालून वर, कौलांसारख्या,
म्हणजे पाऊस वरून ओघळून जातो.
दरवर्षी बायबलातली गोष्ट असायची.
यंदा कीअरननं बस काढली.
तीच, त्रेसष्ट नंबरची,
जेरेनियमची लाल, चाकांना कॉफीच्या बिया,
खिडक्यांत हायड्रेंजियाचं निळं आभाळ.
पाद्रीबाई जरा थबकल्या,
मग ड्रायव्हरच्या डोक्यामागे झेंडूचं वलय लावून मोकळ्या झाल्या.

पान नऊवर क्लाइव्हनं लिहिलं: बावीस माणसं, त्रेचाळीस पाय.
कौन्सिलमधून फोन आला, आकडा चुकलाय का?
"नाही," तो म्हणाला, "येऊन मोजा."
आले. दोघं. गाडी घेऊन,
कारण बस नाही.

आठ दिवसांत बस तपकिरी झाली.
वेळापत्रकाखाली आता हातानं लिहिलेला कागद आहे:
गुरुवारी, दहाला, झ्बिग्न्येवची व्हॅन, बाजारापर्यंत.
विकास म्हणायचा का हे मला माहीत नाही.
व्हॅनमध्ये पाच जागा आहेत
आणि सहाव्याशी भांडण.
माती हौदात परत गेली, ओल्या गोणपाटाखाली.

मंगळवारी विनिफ्रेडचा मोजा उतरवला.
उजव्या अंगठ्याच्या नखाखाली
राखाडी रेघ, वाळलेली.
नियम असा की स्वच्छ करावं.
ती खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम.
मी बाकीची नऊ नखं कापली.